मोहटोल्याच्या दोन कबरी

निवृत्त डॉक्टर भेटला की लोक विचारतात, किती जणांना वाचवलंत? माझ्या बाबतीत हा प्रश्न जरा अवघडच. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या ग्रामीण रुग्णालयांत माझी सगळी नोकरी झाली. तापाचे, बाळंतपणाचे, साप चावलेले, सगळेच पेशंट पाहिले. पण माझं नाव झालं ते शवविच्छेदनासाठी. बाईमाणूस हे काम करणार म्हटल्यावर सुरुवातीला पोलीस शिपाईसुद्धा तोंडाकडे बघत राहायचे. पुढे तेच म्हणू लागले, "डॉक्टरबाई असल्या तर बरं. घाई नाई करत." हे मी अजूनही अभिमानानं सांगते. वाईट एवढंच वाटतं की माणसांशी माझी ओळख नेहमी उशिरा झाली.

या कामातला सगळ्यांत जड भाग म्हणजे पुरलेला देह पुन्हा बाहेर काढणं. कुणालाही मनात आलं म्हणून कबर उकरता येत नाही. त्याला दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. तहसीलचा अधिकारी, पोलीस, पंच आणि डॉक्टर समोर उभे राहिल्याशिवाय फावडं लावायचं नाही. आमच्याकडे पुरणारे लोक पुष्कळ आहेत. गोंड, माडिया, मुसलमान, ख्रिस्ती. त्यामुळे असा हुकूम माझ्या वाट्याला बरेचदा आला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पुरलेल्या देहाचं सगळीकडे सारखंच होत असेल. तसं नसतं. जशी माती, तसा देह. मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी जागा असली तर दोन-तीन पावसाळ्यांत नुसती हाडं उरतात. एटापल्लीकडे एका आईनं आपल्या मुलीला हिरव्या काचेच्या बांगड्यांवरून ओळखलं होतं. दुसरं ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. उलट चिकण मातीत, पाणी साचून राहतं आणि हवा पोचत नाही अशा ठिकाणी, अंगातल्या चरबीचा साबणासारखा घट्ट पांढुरका थर होतो. मग नाक, डोळे, ओठ, सगळा चेहरा वर्षानुवर्षं टिकून राहू शकतो. पाहणारा घाबरतो, नाहीतर हात जोडतो. आम्ही डॉक्टर मंडळी माती बघतो.

हे सगळं मला पाठ होतं. तरी मोहटोल्याला त्या दिवशी नुसतं पाठ असून भागलं नाही.

मोहटोला हे गावाचं खरं नाव नाही. मोहाची झाडं फार होती म्हणून मी तसं म्हणते. बल्लारपूर आणि गोंडपिपरीच्या मधल्या पट्ट्यात ते होतं. कोळशाच्या खाणीची हद्द वाढली आणि गाव उठलं. घरं गेली, देऊळ गेलं, बुद्धविहार गेलं. शेवटी राहिलं ख्रिस्ती मिशनचं आवार आणि त्यामागची दफनभूमी. खाणीपासून दूर मुरमाड टेकाडावर नवी जागा मिळाली होती. जुन्या कबरी उघडून जे निघेल ते तिथे न्यायचं होतं. बहुतेक कबरी हलवून झाल्या होत्या. शेवटच्या दोन बाकी होत्या. त्यातली एक सिस्टर मोनिकाची असल्यामुळे मिशनच्या सिस्टरांनी विनंती केली होती की डॉक्टर बाईच असावी. तहसीलमधून मला फोन आला. माझी निवृत्ती जवळ आली होती. मी आणि माझे शवागारातले जुने मदतनीस सुखदेवभाऊ जीपनं निघालो.

सिस्टर मोनिका मूळची केरळची. तरुणपणी इकडे आली आणि परत गेली नाही. कुष्ठरोग्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्या काळात तिनं मिशनच्या आवारात दवाखाना काढला. इकडची झाडीपट्टीची बोली शिकली. लोकांच्या जखमा स्वतः धुवायची. ती गेली तेव्हा पाच-सहा गावांतून माणसं आली होती. हिंदू, बौद्ध, गोंड, सगळी. त्या दवाखान्याच्या पाटीसमोरून मी कितीदा तरी गेले होते. पण दरवेळी कुणीतरी मेलेलं माझी वाट पाहत असायचं, त्यामुळे उतरणं झालं नाही.

मिशनच्या ओसरीत फादर सायमन भेटले. सिरोंचाकडचे, तरुण, बोलण्यात तेलुगूचा हेल. त्यांनी चहा दिला आणि जरा चाचरत म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट आधी सांगायची आहे. लोकांनी मनात ठरवून टाकलंय."

"काय ठरवलंय?"

"की सिस्टरचा देह जसाच्या तसा असणार."

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. ख्रिस्ती माणूस देह पुरतो, कारण शेवटच्या दिवशी सगळे मेलेले देहासकट उठतील अशी श्रद्धा आहे. देह म्हणजे टाकून द्यायचं कवच नाही. देवाची वस्ती झालेलं घर आहे. म्हणून संतांच्या अस्थी जपतात, चर्चच्या वेदीत ठेवतात. त्यांच्या अंगाला लागलेला कपड्याचा तुकडासुद्धा लोक कपाळाला लावतात. आणि काही संतांचे देह कुजलेच नाहीत, असंही मानतात. गोव्याला तसा एक देह आहे. मोहटोल्याची मंडळी गाडी करून त्याचं दर्शन घेऊन आली होती. तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं होतं की आपली सिस्टरही तशीच असणार. कुणाला तिच्या कबरीजवळ मोगऱ्याचा वास यायचा. कुणाचा ताप तिथली माती लावून उतरला होता.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"चर्च याच्यावरून कुणाला संत ठरवत नाही, मॅडम. देह टिकला तर टिकला. कितीतरी मोठ्या संतांची नुसती हाडंच आहेत. पण हे मी सांगून उपयोग नाही. त्यांना बघायचंय." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडेही अस्थी जपतात ना?"

मी बौद्ध घरातली. सिंदेवाहीला माझे वडील शेतात राबले. त्यांच्या अस्थी आम्ही बांधावरच्या झाडाखाली ठेवल्या, वर दगड नाही, नाव नाही. आई जाता-येता त्या झाडाला हात लावायची. मी म्हटलं, "जपतात. स्तूप त्यासाठीच तर बांधले."

"मग तुम्हाला कळेल," फादर म्हणाले.

आवारात शंभरावर माणसं तरी असावीत. धानकापणी आटोपली होती, त्यामुळे लोक मोकळे होते. बल्लारपूरच्या कागद कारखान्यातली काही ख्रिस्ती कुटुंबं दुचाकींवर आली होती. नायब तहसीलदारांनी सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला लावले. पुढे जमिनीवर भागरथाबाई बसली होती. पोरवयात अंगावर चट्टे आले म्हणून घरच्यांनी तिला मिशनच्या फाटकाशी सोडलं होतं. ती तिथेच म्हातारी झाली. आजार बरा झाला, पण बोटं गेली ती गेली. मी विचारलं, "बाई, तुम्ही ख्रिस्ती का?"

"नाई जी. मी ख्रिस्ताव नाई, हिंदू नाई. मी सिस्टरची."

तिच्या शेजारी पन्नाशीची एक बाई उभी होती, रोझाबाई. कपाळावर जुन्या जखमेचा व्रण. दुसरी कबर तिच्या नवऱ्याची, पास्कलची. तो लाकडाचा ठेकेदार होता, दारूही विकायचा. बायकोला मारायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिच्या कपाळाचे टाके सिस्टर मोनिकानंच घातले होते. तो मारायला लागला की रोझाबाई पळत दवाखान्यात यायची आणि सिस्टर दारात खुर्ची टाकून बसायची. तो गेला तेव्हा भावांनी थाटात पुरला: आलापल्लीच्या सागवानाची जाड पेटी, खाली-वर सिमेंट. आवारात सिस्टरच्या शेजारची जागा त्यांनीच मागून घेतली होती.

आधी सिस्टरची कबर उघडली. सिस्टरची इच्छा साधी होती: पातळ फळ्यांची पेटी, वर माती. जागा उंचवट्यावर, मोहाच्या झाडालगत. फावड्यानं माती निघायला लागली तेव्हाच मला कळून चुकलं. झाडाची मुळं आत शिरली होती. फळ्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. सुखदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि फावडं ठेवून हातानं माती काढायला बसले.

हाडं होती. स्वच्छ, तांबूस, हलकी. गळ्यातला क्रूस छातीच्या जागी पडला होता. मोगऱ्याचा वास नव्हता. ओल्या मातीचा होता.

लोक पुढे सरकले. पाहिलं.  मग मागून एका बाईचा आवाज आला, "हेच का?" त्या दोन शब्दांनी सगळं आवार खाली बसल्यासारखं झालं. एक म्हातारा म्हणाला, "आमी उगाच बोलत होतो मंग." रोझाबाईनं तोंडाला पदर लावला आणि मान फिरवली.

मी एकेक हाड पांढऱ्या कापडावर मांडत होते. उजव्या हाताशी पोचले. हाताची हाडं बारीक असतात, सांभाळून घ्यावी लागतात. तेवढ्यात भागरथाबाई सरकत माझ्याजवळ आली.

"हा हात कोन्ता जी?"

"उजवा."

"यानंच माया जखमा धुये." तिनं आपले दोन्ही पंजे पुढे केले. "मले द्या ना. जरासाक."

शिपाई म्हणाला, "नाई देता येत, बाई." मी नायब तहसीलदारांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघू लागले. ज्या पंजांना बोटं उरली नव्हती, त्यांवर मी सिस्टरच्या बोटांची हाडं ठेवली. भागरथाबाईनं ती कपाळाला लावली. मग पदराच्या शेवानं एकेकाची माती पुसली आणि परत माझ्या हातात दिली. "किती बारीक होती ना. एवढुशा हातानं किती केलं बाईनं."

ते ऐकून दोन-तीन बाया रडायला लागल्या. त्या पुढे आल्या, पाणी आणलं, आणि हाडं धुवायला माझ्याबरोबर बसल्या. रोझाबाई मात्र जागची हलली नाही.

मग पास्कलची कबर.

ती खालच्या अंगाला होती. हातपंपाचं सांडपाणी वर्षानुवर्षं तिकडेच मुरत होतं. काळी चिकण माती, फावड्याला चिकटणारी. सिमेंट फोडलं, पेटीचं झाकण उचललं. उग्र वास आला. पेटीत पाणी होतं आणि पाण्यात पास्कल होता.

सगळाच होता. मेणासारखा फटफटीत, पण चेहरा शाबूत. मिशीसकट. ओठाची वाकडी मुरडही राहिलेली. त्याला पाहिलेल्या कुणालाही ओळखायला क्षणही लागला नसता.

रोझाबाई किंचाळली नाही. मागे सरकत सरकत भिंतीला टेकली आणि डोक्यावर दोन्ही हात घेतले. मार चुकवताना घेतात तसे. "गेलाच नाई," ती पुटपुटत होती. "हा अजून गेलाच नाई."

आवारात गलका झाला. कुणी क्रूसाची खूण केली. बल्लारपूरहून आलेला एक जण गोंधळून म्हणाला, "सिस्टरची माती झाली अन् हा असा? देवानं उलटं काऊन केलं?" त्यावर गावातला एक जण जोरात ओरडला, "उलटं नाई ना बे! पाप्याले मातीच घेत नाई. मातीनं थुकलं याले!" हे लोकांना लगेच पटलं. क्षणापूर्वी न कुजणं ही देवाची कृपा होती. आता तीच शिक्षा झाली. दोन-तीन पोरांनी ढेकळंही उचलली. "याले नव्या जागेत नाई न्यायचं. राहू द्या इथीच. खाणीत जाऊ द्या."

मला बोलावंच लागलं. मी कबरीच्या कडेवर उभी राहिले आणि म्हणाले, "ऐका. माझं आयुष्य यातच गेलंय. माती पाप-पुण्य बघत नाही. इथे पाणी साचलंय, हवा नाही, पेटी जाड आहे, म्हणून हा राहिला. ती कबर उंचावर आहे, झाडाची मुळं आहेत, म्हणून तिची हाडं झाली. जागा बदलली असती तर उलट झालं असतं. एवढंच आहे."

लोकांना पटलं नव्हतं; पोरांच्या हातात ढेकळं तशीच होती. मग फादर सायमन पुढे आले. आवाज चढवला नाही. "सिस्टर टिकली असती तर तुम्ही तिला काचेत ठेवलं असतं आणि लांबून हात जोडले असते. आता ती तुमच्या हातात आली. आज तुम्ही तिला धुतलंत. ज्यांना तिनं धुतलं, त्यांनीच." त्यांनी पास्कलच्या पेटीकडे हात केला. "आणि हा. शेवटच्या दिवशी देव सगळ्यांना उठवणार असं आपण दर रविवारी म्हणतो. त्यात 'पास्कल सोडून' असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. हा नव्या जागेत जाईल. त्याचा न्याय करणारा वेगळा आहे."

पोरांच्या हातातली ढेकळं खाली पडली. मी नायब तहसीलदारांना सांगितलं, "याला आधी न्यावं लागेल. वारं लागलंय, आता झपाट्यानं खराब होईल."

"सिस्टरच्या आधी त्याले?" कुणीतरी म्हणालं.

"हाडं थांबू शकतात. हा नाही."

पास्कलचे भाऊ खाणीच्या मोबदल्याचे पैसे घेऊन केव्हाच नागपूरला गेले होते. त्या दिवशी आलेही नव्हते. वारस म्हणून रोझाबाईलाच विचारायचं होतं. मी भिंतीपाशी तिच्याजवळ जाऊन बसले. डोक्यावरचे हात तिनं अजून काढले नव्हते.

"डॉक्टरबाई, खरं सांगा. याले देवानं ठेवलं का सैतानानं?"

"पाण्यानं."

"नुसतं पानी?"

"नुसतं पाणी आणि चिकण माती. त्यात त्याचं कर्तृत्व काही नाही."

तिनं डोक्यावरचे हात खाली घेतले. "मी रोज रातच्याले दाराले दोन कड्या लावतो. मेल्यावरबी. पोरगी म्हनते, आई, येडी झाली का तू? पन मले वाटे, तो आहेच. अन् पहा, होताच ना!"

 तिला वेड लागलेलं नव्हतं. तिला जे वाटत होतं ते खरंच पेटीत होतं.

"मंग तो कवा जाईन?" तिनं विचारलं.

"नवी जागा मुरमाड आहे. पाणी थांबत नाही. तिथे साध्या मातीत ठेवला तर जाईल. दोन-तीन पावसाळ्यांत."

ती उठली. पदर खोचला. पेटीजवळ त्याला उचलायला नवी फळी आणि प्लास्टिकचा कागद आणून ठेवला होता, मिशननं दुसरी पेटीही तयार ठेवली होती. रोझाबाई फादरना म्हणाली, "पेटी नको जी. सिमेंट नको. प्लास्टिकबी नको. कापडात घ्या अन् माती द्या त्याले."

सुखदेवभाऊंनी आणि मी त्याला सुती कापडात घेतलं. चेहरा झाकायच्या आधी रोझाबाई जवळ आली. सगळे बघत होते. तिनं वाकून त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या चेहऱ्याकडे इतकं सरळ ती आधी कधी पाहू शकली असेल, असं मला वाटत नाही. मग तिनं स्वतःच कापडाचा पदर ओढून घेतला.

टेकाडावर खड्डा तयारच होता. मुरूम लालसर, कोरडा, हातातून सुटून जाणारा. फादरनी प्रार्थना म्हटली; मातीतून आलेल्याला मातीत परत जाऊ दे, आणि देवाला वाटेल तेव्हा उठव, अशी. त्याच्याबरोबर वर आलेलं फारसं कुणी नव्हतं. गावातले जे चौघे आले ते फादरच्या धाकानं. पहिली मूठ रोझाबाईनं टाकली, मग दुसरी, मग ती थांबेचना. चपला काढून गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी मुरूम लोटत राहिली. माणसं फावडी घेऊन नुसती उभी होती. फादरनी हातानंच त्यांना थांबायची खूण केली.

जमीन सपाट झाली तेव्हा ती उठली. तळहात सोलवटले होते. मी पिशवीतून औषध काढलं, तर तिनं मान हलवली.

"डॉक्टरबाई," ती म्हणाली, "आता मेला जी तो."

खालून गाण्याचा आवाज येत होता. बाया सिस्टरची लहानशी पेटी घेऊन टेकाड चढत होत्या. भागरथाबाईला चढ चढवत नव्हता, तरी ती पेटीच्या कडेला दंड टेकवून चालत होती. रोझाबाईनं हात लुगड्याला पुसले आणि उतारावरून भराभर खाली गेली. पेटीचा एक कोपरा एका म्हातारीच्या खांद्यावर होता. तो तिनं आपल्या खांद्यावर घेतला.